कायदेशीर हस्तिदंताच्या आडून

मॅमथ हा हत्तीच्या कुळातला केसाळ प्राणी सुमारे चार हजार वर्षांपूर्वी पृथ्वीवरून कायमचा नाहीसा झाला. सायबेरियाच्या गोठलेल्या जमिनीत त्याचे सुळे आजही सापडतात, ते उकरून काढले जातात आणि त्यांवर कोरीवकाम करून त्यांच्या वस्तू विकल्या जातात. भारतातल्या काही हस्तिदंत व्यापाऱ्यांनी ह्याच मॅमथचा आधार घेऊन सर्वोच्च न्यायालयापर्यंत धाव घेतली होती. त्यांचे म्हणणे असे, की वन्यजीव संरक्षण कायदा हत्तीला वाचवण्यासाठी आहे, मॅमथ हा हत्ती नव्हे, शिवाय तो केव्हाच नामशेष झालेला असल्यामुळे त्याच्या सुळ्यांच्या व्यापाराने कोणत्याही जिवंत प्राण्याचे नुकसान होत नाही. तेव्हा बंदी आम्हाला लागू होऊ नये. २००३ मध्ये बलराम कुमावत विरुद्ध भारत सरकार ह्या खटल्यात न्यायालयाने हा युक्तिवाद फेटाळला. कायद्यातल्या ‘हस्तिदंत’ ह्या शब्दात सर्व प्रकारचा हस्तिदंत येतो, मग तो कोणत्याही प्राण्याचा असो, असा त्या निकालाचा आशय आहे.

वरवर पाहता हा निकाल कठोर वाटेल. मेलेल्या मॅमथला संरक्षण देऊन काय साधणार, असा प्रश्न कोणालाही पडेल. मला मात्र हस्तिदंताच्या सगळ्या बेकायदेशीर व्यापाराचे मर्म ह्याच एका खटल्यात दिसते. हा व्यापार अंधारात जितका चालतो, त्याहून अधिक तो कायदेशीर व्यापाराच्या आडून चालतो. बाजारात विकायला परवानगी असलेला हस्तिदंत थोडा जरी असला, तरी परवानगी नसलेला हस्तिदंत त्याचेच नाव लावून त्याच्या शेजारी येऊन बसतो, आणि गिऱ्हाइकालाच काय, पोलिसांनाही तो वेगळा काढता येत नाही.

तो वेगळा का काढता येत नाही, हे मी एकदा वन विभागाच्या एका प्रशिक्षण वर्गात जवळून पाहिले आहे. तिथल्या अधिकाऱ्यांनी सुळ्याची आडवी कापलेली एक चकती आमच्या हातात दिली होती. भिंगाखाली धरल्यावर तिच्यावर एकमेकींना छेदत जाणाऱ्या बारीक रेषांची जाळी दिसते. त्यांना श्रेगर रेषा म्हणतात. सुळ्याच्या बाहेरच्या कडेजवळ ह्या रेषा एकमेकींशी जो कोन करतात, तो मॅमथच्या बाबतीत नव्वद अंशांहून कमी आणि आजच्या हत्तींच्या बाबतीत एकशे पंधरा अंशांहून अधिक असतो. म्हणजे पुरेशा आकाराची आणि नेमकी आडवी कापलेली चकती समोर असेल, तर मॅमथ आणि हत्ती ह्यांत फरक करता येतो. पण बाजारात चकत्या विकल्या जात नाहीत. तिथे असतात माळेचे मणी, कानातले, उभ्या रेषेत कोरलेल्या मूर्ती, फण्या आणि सुरीच्या मुठी. त्यांवर मोजता येईल अशी जाळी मिळणे कठीण असते. आणि आशियाई हत्तीचा हस्तिदंत व आफ्रिकी हत्तीचा हस्तिदंत ह्यांत तर ह्या रेषांवरून भेदच करता येत नाही. त्यासाठी डीएनए तपासावा लागतो.

ह्या शेवटच्या मुद्द्याची मोठी किंमत आपल्या देशातल्या हत्तींनी मोजली आहे. भारतीय हत्तीचा समावेश १९७७ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षण देणाऱ्या अनुसूचीत झाला आणि १९८६ च्या दुरुस्तीने भारतीय हस्तिदंताच्या देशांतर्गत व्यापारावर बंदी आली. पण आफ्रिकेतून आयात केलेल्या हस्तिदंतावर कोरीवकाम करून तो विकायला पुढची पाच वर्षे मुभा राहिली. त्यामुळे केरळ, कर्नाटक किंवा तमिळनाडूच्या जंगलात मारलेल्या टस्कराचा, म्हणजे सुळे असलेल्या नराचा सुळा कारागिराच्या हाताखालून गेला, की तो आफ्रिकेतून आलेला आहे असे सांगायला मोकळीक होती. ही पळवाट १९९१ च्या दुरुस्तीने बुजवली. आयात हस्तिदंताच्या व्यापारावरही बंदी आली आणि व्यापाऱ्यांना आपला साठा निकालात काढण्यासाठी सहा महिन्यांची मुदत मिळाली. व्यापारी दिल्ली उच्च न्यायालयात गेले. धंदा करण्याच्या मूलभूत हक्काचा प्रश्न त्यांनी उपस्थित केला. १९९७ मध्ये न्यायालयाने बंदी वैध ठरवली. त्यानंतर उरलेली अखेरची वाट म्हणजे मॅमथ, आणि ती २००३ मध्ये बंद झाली.

आपल्याकडच्या शिकारीचा परिणाम आफ्रिकेपेक्षा वेगळा असतो, हे इथे सांगायला हवे. आफ्रिकेत नर आणि मादी दोघांनाही सुळे असतात. आशियाई हत्तींत ते फक्त नरांना येतात आणि नरांपैकीही काही मखने, म्हणजे सुळ्यांशिवायचे असतात. शिकारी वेचून टस्कर मारतात, त्यामुळे जंगलातल्या हत्तींची एकूण संख्या फारशी घटलेली दिसत नाही, कळपही दिसत राहतात, पण त्यांतले प्रौढ नर नाहीसे होत जातात. केरळच्या पेरियार अभयारण्यात १९८० च्या दशकाच्या अखेरीस एका प्रौढ नरामागे शंभराहून अधिक प्रौढ माद्या असे प्रमाण झाले होते. ज्याला पुढे चंदनतस्कर म्हणून देश ओळखू लागला, त्या वीरप्पनची सुरुवातीची कमाई हस्तिदंताचीच होती. सुळ्याचा साधारण एक तृतीयांश भाग कवटीत रुतलेला असतो. तो पूर्ण हवा असेल, तर हत्तीला मारून त्याचा चेहरा फोडावा लागतो. हे लिहायला मला बरे वाटत नाही, पण हस्तिदंताच्या नाजूक कोरीवकामाचे कौतुक करताना एवढे माहीत असायला हवे असे मला वाटते.

हस्तिदंताशी महाराष्ट्राचा संबंध फार जुना आहे. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई शहरात १९३८ साली हस्तिदंताची एक भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. तिच्याशी साम्य असलेल्या मूर्ती आपल्याकडे धाराशिव जिल्ह्यातल्या तेर येथे आणि जालना जिल्ह्यातल्या भोकरदन येथे मिळाल्या आहेत. तेर म्हणजे प्राचीन तगर. तिथल्या लामतुरे संग्रहालयात ती छोटी मूर्ती पाहताना, दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहनांच्या मुलखातला कारागीर इतक्या लहान आकारात दागिन्यांचे बारकावे कसे उतरवत असेल, ह्या विचाराने मी बराच वेळ तिथून हललेच नव्हते. पुढे एकोणिसाव्या शतकात मुंबई हे पूर्व आफ्रिकेच्या हस्तिदंताचे एक मोठे बंदर झाले. झांझिबारहून सुळे मुंबईत येत, त्यांतले काही लंडनला रवाना होत आणि काही इथेच राहून गुजरात, कच्छ आणि राजस्थानातल्या नववधूंच्या चुड्यांसाठी कापले जात. तो चुडा स्त्रीच्या आयुष्याबरोबर संपायचा, म्हणून प्रत्येक पिढीला नवा हस्तिदंत लागायचा. ह्या व्यापारावर कच्छी आणि गुजराती पेढ्यांची मोठी पकड होती. आफ्रिकेतल्या हत्तींच्या ऱ्हासाची जबाबदारी फक्त युरोपातल्या पियानोच्या पट्ट्यांवर आणि बिलियर्डच्या चेंडूंवर टाकून आपल्याला मोकळे होता येणार नाही.

जगाच्या पातळीवरचे नियंत्रण साइट्स ह्या करारातून चालते. १९७३ मध्ये वॉशिंग्टनला ठरलेला आणि १९७५ मध्ये लागू झालेला हा करार धोक्यातल्या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियमन करतो. आशियाई हत्ती त्याच्या पहिल्या परिशिष्टात सुरुवातीपासून आहे, म्हणजे त्याच्या व्यापारावर जवळजवळ पूर्ण बंदी आहे. आफ्रिकी हत्ती मात्र दुसऱ्या परिशिष्टात होता. त्याचा हस्तिदंत परवान्यावर विकता येत असे. परवान्यांच्या त्या काळात, १९७९ ते १९८९ ह्या दहा वर्षांत, आफ्रिकेतले हत्ती सुमारे १३ लाखांवरून सुमारे ६ लाखांवर आले. जुलै १९८९ मध्ये केनियाचे राष्ट्राध्यक्ष डॅनियल अराप मोई ह्यांनी नैरोबीत १२ टन हस्तिदंताला आग लावली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लोझान येथे साइट्सच्या सदस्य देशांनी आफ्रिकी हत्तीलाही पहिल्या परिशिष्टात घातले. पाश्चिमात्य देशांतली मागणी झपाट्याने ओसरली, हस्तिदंताचे भाव कोसळले आणि अनेक देशांत शिकार कमी झाली.

ही बंदी जशीच्या तशी टिकली असती, तर काय झाले असते हे आता सांगता येणार नाही, कारण ती टिकू दिली गेली नाही. १९९७ मध्ये बोत्स्वाना, नामिबिया आणि झिंबाब्वे ह्यांच्या हत्तींना पुन्हा दुसऱ्या परिशिष्टात आणण्यात आले आणि १९९९ मध्ये त्यांच्या साठ्यातला सुमारे ५० टन हस्तिदंत जपानला विकला गेला. एप्रिल २००० मध्ये केनियातल्या गिगिरी येथे झालेल्या परिषदेत सर्व हत्तींना पुन्हा पहिल्या परिशिष्टात घालावे, असा प्रस्ताव केनियाबरोबर भारताने मांडला होता. आपल्या देशाने घेतलेली ही भूमिका मला अभिमानाची वाटते. तरीही २००८ मध्ये दुसरी मोठी विक्री झाली. ह्या वेळी दक्षिण आफ्रिका धरून चार देशांनी १०० टनांहून अधिक हस्तिदंत विकला आणि खरेदीदार होते जपान आणि चीन.

चीनमध्ये पुढे जे घडले ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. चीन सरकारने हा साठा एकदम बाजारात न सोडता परवानाधारक कारखान्यांना दरवर्षी साधारण पाच टन, चढ्या भावाने दिला. प्रत्येक मोठ्या वस्तूबरोबर छायाचित्र असलेले ओळखपत्र द्यायचे, असा नियम केला. कागदावर ही व्यवस्था चोख होती. पण गिऱ्हाइकाने ओळखपत्र नेले नाही, तर दुकानदार तेच पत्र दुसऱ्या वस्तूला लावू शकत होता, आणि तपास करणाऱ्या संस्थांना असे वारंवार आढळले. दुसरीकडे सरकारी हस्तिदंत महाग आणि अपुरा असल्यामुळे आफ्रिकेतून चोरून आणलेला माल त्याच दुकानांत खपू लागला. हस्तिदंत घेणे कायदेशीर आहे, एवढेच सामान्य चिनी गिऱ्हाइकापर्यंत पोहोचले होते. २००८ च्या विक्रीमुळेच शिकार वाढली का, ह्याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. चीनमधला वाढता पैसा आणि आफ्रिकेतल्या काही देशांमधला भ्रष्टाचार ही कारणेही खरीच आहेत. पण विक्रीच्या बाजूने जो युक्तिवाद केला जात होता, की कायदेशीर पुरवठा झाला म्हणजे बेकायदेशीर पुरवठ्याची गरज उरणार नाही, तो साफ खोटा ठरला. २०१० ते २०१२ ह्या तीनच वर्षांत आफ्रिकेत सुमारे एक लाख हत्ती मारले गेल्याचा अंदाज आहे. २०१६ मध्ये जाहीर झालेल्या हवाई गणनेत १८ देशांत ३,५२,२७१ गवताळ प्रदेशातले हत्ती मोजले गेले आणि सात वर्षांत त्यांची संख्या सुमारे ३० टक्क्यांनी घटल्याचे दिसले.

पकडला जाणारा हस्तिदंत जुना की नवा, हा प्रश्नही काही काळ चर्चेत होता. जप्त होणारा माल सरकारी गोदामांतून झिरपलेला जुना हस्तिदंत असावा, असे काही जण सांगत. १९५० आणि ६० च्या दशकांतल्या अणुचाचण्यांमुळे हवेत किरणोत्सारी कार्बनचे प्रमाण वाढले आणि नंतर ते हळूहळू उतरत गेले. सुळ्याच्या मुळाशी असलेल्या सगळ्यात ताज्या थरात तो किती आहे हे मोजले, की हत्ती कधी मेला ते कळते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशा तपासणीत जप्त हस्तिदंतापैकी बहुतेक सगळा तीन वर्षांच्या आत मारलेल्या हत्तींचा निघाला. वॉशिंग्टन विद्यापीठातले सॅम्युएल वॉसर ह्यांनी तर आफ्रिकाभरातून हत्तींचे शेण गोळा करून त्यातल्या डीएनएचा नकाशा तयार केला आणि जप्त सुळे त्या नकाशाशी ताडून पाहिले. मोठ्या जप्तींतला बहुतेक हस्तिदंत दोनच प्रदेशांतून येत होता: टांझानिया आणि उत्तर मोझांबिकचा पट्टा, आणि गॅबन, काँगो व कॅमेरूनच्या सीमेवरची जंगले. पुढे २०१८ मध्ये त्यांच्या गटाने दाखवले, की एकाच हत्तीचे दोन सुळे वेगवेगळ्या खेपांमध्ये, पण बरेचदा एकाच बंदरातून थोड्या महिन्यांच्या अंतराने निघालेले असतात. जोडी जुळली म्हणजे दोन्ही कंटेनरांमागचा धनी एकच आहे, हे न्यायालयासमोर मांडता येते. जंगलात बंदूक चालवणारा गरीब माणूस पकडून हा धंदा थांबत नाही. माल एकत्र करणारा आणि बंदरातून पाठवणारा हाती लागावा लागतो, आणि तो हाती लागण्याचा हा एक भक्कम मार्ग आहे.

हीच गोष्ट आपल्याकडे २०१५ मध्ये केरळात दिसली. मलयाट्टूर वनविभागातल्या शिकारीचा उलगडा जंगलात काम केलेल्या एका वॉचरच्या कबुलीतून सुरू झाला, त्याचे धागे तिरुवनंतपुरममधल्या कोरीवकाम करणाऱ्यांपर्यंत आणि तिथून दिल्लीपर्यंत गेले आणि दिल्लीत ४८७ किलो हस्तिदंत जप्त झाला. केरळच्या वन कर्मचाऱ्यांनी चिकाटीने केलेला हा तपास आपल्या देशातल्या वन्यजीव गुन्ह्यांच्या तपासांत मानाने उल्लेखावा असा आहे. बंदीला तेव्हा चोवीस वर्षे झाली होती, तरी मागणी पूर्ण आटलेली नव्हती, हेही त्यातून कळले. मात्र ह्या मालाला उघड दुकान उरलेले नव्हते. तो ओळखीतून, लपूनछपून विकावा लागत होता, आणि सापडल्यावर ‘हा आफ्रिकेतला आहे’ किंवा ‘हा मॅमथचा आहे’ असे म्हणून सुटण्याची सोय कोणालाही नव्हती.

चीननेही अखेर तोच रस्ता धरला. ३१ डिसेंबर २०१७ पर्यंत त्याने आपली देशांतर्गत कायदेशीर बाजारपेठ पूर्ण बंद केली. बंदी लागू होण्याआधीच भाव उतरू लागले होते: २०१४ मध्ये किलोला सुमारे २१०० डॉलर असलेला कच्चा हस्तिदंत २०१७ च्या सुरुवातीला सुमारे ७३० डॉलरवर आला. हाँगकाँगने २०२१ च्या अखेरीस आणि ब्रिटनने २०२२ मध्ये आपापली बंदी लागू केली. जपानचा बाजार मात्र अजून उघडा आहे. सहीऐवजी वापरायचे हांको नावाचे शिक्के तिथे हस्तिदंताचे करतात.

आफ्रिकेच्या दक्षिणेकडच्या देशांची बाजू मी टाळून पुढे जाणार नाही. एकट्या बोत्स्वानात सुमारे १,३०,००० हत्ती आहेत. ते शेतात शिरतात, माणसे मारतात, आणि ते वाचवल्याचा आनंद दूरच्या शहरांतल्या लोकांना मिळतो. नैसर्गिकरीत्या मेलेल्या हत्तींचे सुळे गोदामात पडून आहेत, ते विकून गावांना पैसे द्यायला काय हरकत आहे, हा त्यांचा प्रश्न आहे. आपल्या दोडामार्ग तालुक्यातल्या, तिलारी खोऱ्यातल्या बागायतदाराला हा प्रश्न लगेच समजेल. २००२ पासून कर्नाटकातून येणाऱ्या हत्तींनी त्याच्या केळी, माड आणि सुपारी किती वेळा जमीनदोस्त केल्या आहेत. त्याला वेळेवर आणि पुरेशी भरपाई मिळाली पाहिजे, आणि बोत्स्वानाच्या शेतकऱ्यालाही मिळाली पाहिजे. त्याचा भार श्रीमंत देशांनी उचलला पाहिजे. पण बोत्स्वानाने विकलेल्या सुळ्याच्या आड कॅमेरूनच्या जंगलात मारलेल्या हत्तीचा सुळा खपवता येतो, हे ठाऊक असताना, दोनदा विक्री करून झाल्यावर तिसऱ्यांदा तोच प्रयोग करण्याला माझा स्पष्ट विरोध आहे.

म्हणूनच नोव्हेंबर २०२२ मध्ये पनामा येथील साइट्स परिषदेत जे झाले ते मला लागले. हस्तिदंताची विक्री पुन्हा सुरू करण्याचा प्रस्ताव तिथे मतदानात पडला, पण एरवी अशा प्रस्तावांना विरोध करणारा भारत त्या मतदानात तटस्थ राहिला. त्याच वर्षी जुलैमध्ये नामिबियाशी चित्त्यांचा करार झाला होता. त्या करारात हस्तिदंताचा उल्लेख नाही, तरी जैवविविधतेच्या ‘शाश्वत वापरा’ला परस्परांनी पाठिंबा देण्याचे कलम आहे, आणि त्याचा संबंध तेव्हा अनेकांनी जोडला. कारण काहीही असो, ज्या देशाने स्वतःच्या जंगलांत ह्या पळवाटेची किंमत मोजून ती एकेक करून बंद केली, त्याने अशा वेळी विरोधातच हात वर करायला हवा होता.

राहता राहिला घरातल्या जुन्या वस्तूंचा प्रश्न. माझ्या आत्याने मध्यंतरी फोन करून विचारले, “अगं, आजोबांच्या वेळचे सोंगट्यांचे हस्तिदंती फासे आहेत, एक जण चांगली किंमत देतोय, देऊन टाकू का?” असे प्रश्न आता ऑनलाइन जाहिरातींमुळे पुष्कळ घरांत येत असतील, म्हणून तिला दिलेले उत्तर इथे लिहिते. हस्तिदंताची वस्तू बाळगण्यासाठी मुख्य वन्यजीव रक्षकांनी दिलेले मालकी प्रमाणपत्र लागते. अशी वस्तू वारशाने मिळाल्यास नव्वद दिवसांत तसे जाहीर करावे लागते. प्रमाणपत्र असले तरी ती विकता येत नाही, विक्रीला ठेवताही येत नाही, आणि वस्तू शंभर वर्षांची आहे ह्या कारणाने त्यात सूट मिळत नाही. जिची मालकी प्रमाणपत्रासह आहे अशी वस्तू ठेवायची नसेल, तर २०२२ च्या दुरुस्तीनंतर ती मुख्य वन्यजीव रक्षकांकडे स्वेच्छेने जमा करता येते. तिची भरपाई मिळत नाही. आणि कोणी हस्तिदंत विकत असल्याचे दिसले, तर महाराष्ट्र वन विभागाच्या १९२६ ह्या हेल्पलाइनवर कळवता येते. आत्याला मी तिच्याकडे फाशांची काही कागदपत्रे आहेत का ते आधी शोधायला आणि ‘चांगली किंमत’ देणाऱ्या गृहस्थांना फासे दाखवणेही बंद करायला सांगितले आहे.